कोरलच्या टँकला दिवा निवडताना

दिवा घेताना नुसते वॅट बघू नका. मी तेच केलं. न्यू जर्सीत आमच्या बेसमेंटमध्ये दोन फूट लांब, दीड फूट खोल, कोरल म्हणजे प्रवाळ पाळायचा टँक आहे. त्यावर दणदणीत एलईडी टांगला आणि पहिल्याच दिवशी पूर्ण तेजावर सोडला. आठवड्याभरात हॅमर कोरल पांढरंफटक! कोरलच्या अंगातलं सूक्ष्म शैवाल त्याला अन्न पुरवतं. उजेडाचा मारा झाला की कोरल तेच बाहेर टाकतं.

म्हणून आधी काय पाळायचं ते ठरवा. मोजायचा तो ‘पार’, म्हणजे शैवालाच्या कामाचा उजेड. मशरूमसारख्या मऊ कोरलना ५० ते १०० पुरतो, हॅमर आणि टॉर्च कोरलना साधारण १०० ते १५०, अ‍ॅक्रोपोरा या दगडी कोरलला मात्र २०० ते ३५०. पार मोजायचा मीटर महाग असतो, भाड्याने मिळाला तर उत्तम. वाळूवर, खडकावर आणि कोपऱ्यांतही मोजा. माझ्याकडे कोपऱ्यात आकडा निम्मा निघाला, तिथे मशरूम बसवले.

निळ्या उजेडाचा भर हवा, तरंगलांबी ४२० ते ४८० नॅनोमीटर. बायको त्याला ‘डिस्को’ म्हणते, म्हणून पाहुणे आले की तासभर पांढरा वाढवतो.

नवा दिवा ३०-४० टक्क्यांवर सुरू करा, दर आठवड्याला पाचेक टक्के वाढवा. टायमरवर आठ-नऊ तास पुरे.

पुण्याचा भाऊ विचारत होता, त्याला सांगितलं: भारतात दगडी कोरल वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. तेव्हा अ‍ॅक्रोपोराच्या दिव्यावर खर्च नको.