भयपट सकाळी सव्वानऊला लागतो तेव्हा

तुमच्या सिनेमाचं सेन्सॉर झालंय, डीसीपी म्हणजे थिएटरला द्यायची डिजिटल प्रत तयार आहे, वितरक कमिशनवर घ्यायला तयार आहे आणि आता फक्त शुक्रवार ठरवायचाय, अशा टप्प्यावर असाल तर हे वाचा.

माझा पहिला भयपट ४२ स्क्रीन्सवर लागला. आकडा कळल्या कळल्या मी आईला फोन केला होता. त्या ४२ ठिकाणी दिवसाला किती शो आणि किती वाजता, हे मात्र मी वितरकाला विचारलंच नाही. मी फसले ती इथे.

जवळपास सगळीकडे एकच शो होता. कुठे सकाळी सव्वानऊ, कुठे पावणेएक, कुठे दुपारी चार. रात्रीचे शो त्या आठवड्यातल्या मोठ्या हिंदी सिनेमाकडे. वेळा हातात आल्या गुरुवारी दुपारी, तोवर पोस्टर लागून गेली होती. मराठीला प्राइम टाइम मिळतोच, असं कुणी सांगेल. २०१५च्या सरकारी निर्णयातला प्राइम टाइम दुपारी १२ ते रात्री ९ असा आहे. पावणेएकचा शोही त्यात बसतो आणि भयपटाचा खरा शो सुरू होतो नऊनंतर.

त्यात आमचं सर्टिफिकेट 'ए', म्हणजे अठराच्या आतल्यांना प्रवेश नाही. सकाळी मोकळी असतात ती अकरावी-बारावीची मुलं आणि नेमकी तीच दारातून परत जायची. म्हणजे ज्यांना आत सोडत होते ते कामावर आणि जे येऊ शकत होते त्यांना प्रवेश नाही. २०२४च्या सेन्सॉर नियमांपासून 'यूए १६+' हा गट आहे, त्यात ही मुलं आत येऊ शकतात. एखादा कट देऊन तो मिळत असेल तर द्या. मी तेव्हा एका गळ्यावरच्या सुरीच्या शॉटसाठी भांडत बसले असते, हे खरं आहे. तरीही सांगते, द्या.

शनिवारी सकाळी नाशिकच्या एका मल्टिप्लेक्समध्ये गेले. आमच्या नटाचे वडील सिन्नरहून पहिल्या एसटीने आले होते. आत सहा माणसं, आणि तिकीट खिडकीवरची मुलगी मलाच विचारते, ''मॅडम, याचा रात्रीचा शो नाहीये का? सगळे तेच विचारतायत.'' सोमवारी तो शो उतरला. दर स्क्रीनमागे भरलेले व्हीपीएफचे, म्हणजे डिजिटल प्रोजेक्शनच्या फीचे, पैसे मात्र गेले ते गेलेच. आत सहा बसले काय किंवा साठ, ते भरावेच लागतात.

म्हणून वितरकाला स्क्रीन मागू नका, वेळ मागा. दहाच स्क्रीन घ्या, पण रात्रीच्या, आणि जिथे होस्टेलं आहेत अशा शहरांत. 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' साधारण १५ हजार डॉलरमध्ये बनला होता. २००९मध्ये अमेरिकेत त्याची सुरुवात १३ कॉलेजगावांतल्या मध्यरात्रीच्या शोंनी झाली. मोठं रिलीज त्यानंतर.

आपलीच तिकिटं विकत घेऊन शो टिकवायचा सल्ला मिळेल. अजिबात ऐकू नका. शंभराच्या तिकिटातला कर आधी जातो, उरलेल्यातलं पहिल्या आठवड्यात साधारण निम्मं थिएटर ठेवतं, आणि रिकाम्या खुर्च्या कुणाला सिनेमाबद्दल सांगत नाहीत. मार्गदर्शकही जपून निवडा. मला सेटवर येऊन आशीर्वाद देणारे पुष्कळ भेटले. उपयोगी पडले ते एकच, एक जुने थिएटर प्रतिनिधी. त्यांनी रोजचा डीसीआर, म्हणजे तिकीटविक्रीचा अहवाल, समोर ठेवून एकेका शोचा हिशेब वाचायला शिकवलं.

आणि घाबरू नका. पहिला आठवडा पडला म्हणजे सिनेमा वाईट असतो असं नाही. हे मला कुणीतरी तेव्हा सांगायला हवं होतं.

दुसऱ्या आठवड्यात त्याच थिएटर प्रतिनिधी काकांनी सांगलीत एका सिंगल स्क्रीनला रात्री दहाचा शो मिळवून दिला. बाल्कनी भरली नाही, पण खालचा हॉल ओरडत होता. विहिरीचा प्रसंग आला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एकाने पाय वर घेतले. सुटल्यावर मी पार्किंगच्या कोपऱ्यात उभी होते. दोन मुली मोबाईलचा टॉर्च लावून, एकमेकींचा हात धरून स्कूटीपर्यंत गेल्या आणि बसण्याआधी दोघींनी मागे वळून पाहिलं.