पोरगं सारखं पोट दुखतं म्हणतंय आणि रिपोर्ट नॉर्मल? या चुका टाळा

मी लहान मुलांच्या ओपीडीत डाएटिशियन आहे. माझ्यासमोर येणारी पोरं बहुतेक दोन-तीन ठिकाणी फिरून आलेली असतात. तक्रार ठरलेली, अधूनमधून पोट दुखतं, कधी उलटी, कधी पातळ होते, चार दिवस बरं की पुन्हा चालू. फाइल उघडली की सोनोग्राफ्या ढीगभर, पण वजन एकदाच लिहिलेलं, तेही बुटांसकट, आणि उंची कुणी मोजलेलीच नाही.

आधी एक सांगते म्हणजे धडधड कमी होईल. १९५८ साली अ‍ॅपली या इंग्लंडमधल्या बालरोगतज्ज्ञांनी सहकाऱ्यासोबत शाळेतली हजार मुलं पाहिली होती, त्यात साधारण दहातल्या एकाला अशी परत परत येणारी पोटदुखी निघाली. बहुतेकांत गंभीर असं काही सापडत नाही. पण "काही सापडत नाही" आणि "नीट बघितलंच नाही" यात फरक आहे, आणि माझी सगळी चिडचिड त्या दुसऱ्या प्रकारावर आहे.

"बद्धकोष्ठ? छे, त्याला तर रोज होते"

माझ्या लिस्टमध्ये पहिला नंबर या चुकीचा, आणि कायम राहणार. एक सातेक वर्षांचा मुलगा आला होता, तक्रार काय तर जुलाब. आई म्हणाली, मॅडम दिवसातून तीन-चारदा होते, चड्डीला पण लागतं, जुलाबाचं औषध दिलं की दोन दिवस बरं मग परत तेच. आतापर्यंत अँटिबायोटिक झालेली, दूध बंद, गहू बंद, पोरगं मऊ भात आणि साबुदाण्याच्या लापशीवर, आणि घरात आजीचं म्हणणं की बेंबी सरकलीय. मी आईला म्हटलं तुम्ही जरा थांबा, आणि त्यालाच विचारलं, शाळेत संडासला जातोस का रे? त्याने आधी आईकडे बघितलं, मग म्हणाला, "तिथे दाराला कडी नाहीये."

झालं. पुढचं सगळं त्या कडीपासून सुरू झालेलं. शाळेत दाबून ठेवायचं, घरी आलं की खेळ, मग ट्यूशन, आणि आठवड्यातून एकदा एवढी मोठी व्हायची की फ्लशने जायची नाही (हे बाबांना माहीत होतं, आईला नव्हतं, कारण बादल्या ओतायचं काम बाबांचं). डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला तर डाव्या बाजूला खाली कडक गोळे हाताला लागत होते. आत सगळं तुंबलेलं असलं की वरचं पातळ त्याच्या कडेने झिरपतं, आणि ताणलेल्या आतड्याला लागल्याचं कळेनासं होतं, त्यामुळे पोरगं मुद्दाम चड्डी भरवत नसतं, त्याला खरंच समजत नाही. त्यावर जुलाब थांबवायचं औषध देणं म्हणजे तुंबलेल्या मोरीला बोळा लावणं.

डॉक्टरांनी पाण्यात कालवून द्यायची पीईजीची (शी मऊ करणारी) पावडर दिली. आईने पाचव्या दिवशी बंद केली. का? तर "पातळ व्हायला लागली". अहो तेच तर हवं होतं! अशा आयांवर रागवून उपयोग नसतो हे मला कळतं तरी राग येतोच. पहिले काही दिवस आतलं साफ होण्यात जातात, त्यानंतर छोटा डोस निदान दोन महिने, बऱ्याचदा त्याहून जास्त, आणि मग हळूहळू कमी, तेही डॉक्टर सांगतील तसं. सवय लागेल म्हणून घाबरून मध्येच सोडणारे सगळे परत येतात. हेही आले. दुसऱ्या वेळी नीट केलं, जेवण झालं की दहा मिनिटं बसवायचं (जेवल्यावर आतडं आपसूक हलतं, त्याचा फायदा घ्यायचा), कमोड असेल तर पायाखाली पाट, आणि वर्गशिक्षिकेशी बोलून त्याला स्टाफचं टॉयलेट वापरायची परवानगी. पोटदुखी गेली. गहू-दूध परत सुरू झालं ते वेगळंच.

म्हणून "रोज होते का" हा प्रश्नच मी विचारत नाही. कशी होते, केवढी होते, दुखते का, चड्डीला डाग असतात का, शाळेत जातो का, एवढं विचारते. मोठं पोरगं असेल तर आईला उत्तर माहीत नसतं, त्यालाच विचारायचं.

टेस्टच्या आधी गहू बंद करणं

हे हल्ली फार वाढलंय. कुणीतरी फॉरवर्ड पाठवतं, ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) वाईट, आणि घरात पोळी बंद. एक नऊ वर्षांची मुलगी, पोट फुगायचं, चेहरा फिक्कट, वर्गात सगळ्यांत बुटकी. घरच्यांनी आधी गहू सोडला, कित्येक महिन्यांनी सिलिअ‍ॅकची (ग्लुटेनमुळे आतडं खराब होण्याचा आजार) रक्ततपासणी केली, ती निगेटिव्ह आली, सगळे खूश. पण ही टेस्ट या आजारात गव्हामुळे शरीर ज्या अँटिबॉडीज बनवतं त्या मोजते, गहूच पोटात जात नसेल तर त्या हळूहळू उतरतात आणि रिपोर्ट फसवा येतो. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिला परत काही आठवडे रोज पोळी खायला घालावी लागली, त्यात पोट दुखायचं, आईच्या डोळ्यात पाणी, पण इलाज नव्हता. टेस्ट पॉझिटिव्ह, पुढे एंडोस्कोपीतही तेच निघालं. उत्तर भारतात हा आजार जास्त दिसतो म्हणून आपल्याकडे नसतोच असं धरून चालू नका. टीटीजी-आयजीए (हीच ती रक्ततपासणी) करताना टोटल आयजीए (या जातीच्या अँटिबॉडीज रक्तात एकूण किती) पण करून घ्या, ते मुळातच कमी असेल तर पहिला आकडा कामाचा नाही.

आणि एकदा निदान झालं की मग अर्धवट नको. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात, आपल्याकडे त्यामुळे तसं सोपं आहे. पण पीठ गिरणीत गव्हानंतर दळलं तर गेलंच सगळं. हिंगाच्या डबीवरचं पण वाचा, बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो. रव्याचा उपमा "थोडासाच" देणाऱ्या मावशा-काकूंबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

सोनोग्राफीत गाठी

रिपोर्टमध्ये "मेसेंटरिक लिम्फ नोड्स" (आतड्याजवळच्या लसिका गाठी) दिसलं की घरात रडारड. अशा बारीक गाठी धडधाकट पोरांच्या पोटातही दिसतात, साध्या सर्दी-तापानंतर तर हमखास. ताप रेंगाळतोय, वजन उतरतंय, घरात कुणाला टीबी झालाय, गाठी मोठ्या किंवा एकमेकींना चिकटलेल्या आहेत, तर गोष्ट वेगळी, तिथे वेळ घालवू नका. नाहीतर दर महिन्याला "गाठी गेल्या का" म्हणून परत सोनोग्राफी करू नका. पोरगं मजेत खेळतंय आणि तुम्ही मिलिमीटर मोजत बसलाय.

बाकीच्या भराभर सांगते.

पोट दुखलं की जंताची गोळी. जंतदिनाला शाळेत देतात ती जरूर घ्या, पण दर पंधरा दिवसांनी घरी नको, आणि जिआर्डियासारखं (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) काही असेल तर त्या एका गोळीने ते जाईलच असं नाही. रात्री गुदद्वाराशी खाज येत असेल तर मात्र जंत डोक्यात ठेवा, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी घ्यायची आणि दोन आठवड्यांनी परत.

शौचाचा नमुना सकाळचा, लॅबमध्ये पोचला दुपारी, त्यात लघवी मिसळलेली. नका देऊ असला. जिआर्डियाचा संशय असेल तर वेगवेगळ्या दिवसांचे नमुने द्यावे लागतात, तो रोज दिसत नाही.

विडाल (टायफॉइडची रक्ततपासणी). ताप नाही, काही नाही, तरी करतात. सोडा.

ते महागडं फूड पॅनेल, ज्यात शंभरेक पदार्थांविरुद्धच्या आयजीजी या अँटिबॉडीचे आकडे येतात? पैसे वाचवा. आयजीजी म्हणजे तो पदार्थ पोरगं खातं एवढंच कळतं, अ‍ॅलर्जी नाही.

दूध, गहू, अंडं, मसाला सगळं एकाच सोमवारी बंद. मग बरं वाटलं तर कशामुळे ते देव जाणे. दूध पचत नसल्याचा संशय असेल तर फक्त दूध दोन आठवडे थांबवा, दही-ताक चालू द्या, मग परत देऊन बघा. परत देऊन बघणं हाच यातला मुख्य भाग, आणि तोच कुणी करत नाही. उलट्या टोकालाही लोक असतात, चार-पाच वर्षांचं पोरगं दिवसाला लिटरभर दूध पितं, जेवत नाही, आणि मग शी कडक का म्हणून विचारतात.

"आज दुखतंय का?" हे दर तासाला विचारू नका. दुखलं की ते सांगेल. आणि "शाळा बुडवायची नाटकं" असंही म्हणू नका, टेन्शनने दुखलं तरी दुखतं ते खरंच दुखतं. सोमवारी सकाळी दुखतं आणि रविवारी नाही, ही माहिती आहे, आरोप नाही. पांढरंफटक पडून तासन् तास दुखतं आणि मधल्या दिवसांत एकदम ठणठणीत, शिवाय आईला अर्धशिशी, असं असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा, पोटाची मायग्रेन असते.

मी एक साधी वही करायला लावते. तारीख, वेळ, कुठे दुखलं (पोराने एका बोटाने दाखवायचं), किती वेळ, त्याआधी काय खाल्लं, शी कशी झाली, शाळा होती का. एवढंच. अ‍ॅप डाउनलोड करणारे तिसऱ्या दिवशी सोडतात, फ्रिजवर लटकवलेली वही आजी पण भरते. दोन-तीन आठवड्यांची वही आणि जुन्या वजन-उंचीचे आकडे आणा, त्याने अर्ध्या तपासण्या वाचतात.

आता जिथे वही भरत बसायचं नाही ते. वजन कमी होणं किंवा उंची अडकणं, शौचात रक्त, हिरवी उलटी, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, रेंगाळलेला ताप, सांधे सुजणं, बेंबीपासून लांब एकाच जागी दुखणं, गिळताना त्रास, यातलं काहीही असेल तर "आधी जंताची गोळी देऊन बघू" करू नका, डॉक्टरांकडे जा. हिरवी उलटी असेल तर त्याच तासाला. पोट दुखतंय, उलट्या होतायत आणि तहान-लघवी खूप वाढलीय तर लगेच शुगर बघा, लहान मुलांचा डायबेटिस कधीकधी असाच समोर येतो. आणि मुलगा अचानक खालच्या पोटात कळ आली म्हणत असेल तर चड्डी काढून बघा. अंडकोषाला पीळ पडला तरी लाजेने पोरं "पोट" असंच सांगतात, आणि तो पीळ साधारण सहा तासांच्या आत सोडवला तरच अंडकोष वाचायची चांगली शक्यता असते. थेट सर्जन असलेल्या हॉस्पिटलात न्या, आणि वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागेल.