मालवाहतुकीच्या कंपनीत रुजू होताय? पहिल्या वर्षाबद्दल थोडं

मालवाहतुकीच्या कंपनीत नोकरी लागली की सगळ्यांना वाटतं, आता ही दिवसभर गोदामात नाहीतर बंदरावर उभी राहणार. मलाही तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात पहिले कित्येक महिने मी एकही जहाज पाहिलं नाही. समोर दोन स्क्रीन, एक फोन आणि मेलचा ढीग. या कामाला आता नऊ वर्षं झाली. नव्याने येणाऱ्या मुलामुलींना शेजारी बसवून जे सांगते, तेच इथे लिहितेय.

आमच्यासारख्या बऱ्याच कंपन्यांकडे स्वतःचं जहाज नसतं, विमान नसतं, कित्येकदा ट्रकही नसतो. यांना फ्रेट फॉरवर्डर म्हणतात. शिपिंग लाइनकडून किंवा एअरलाइनकडून जागा घ्यायची, गाडी, कस्टम्स, विमा, कागदपत्रं यांची मोट बांधायची आणि कारखान्याच्या दारातला माल गिऱ्हाइकाच्या दारात पोचवायचा, हा आपला धंदा. वस्तू आपण बहुतेक वेळा डोळ्यांनी बघतही नाही, पण ती कुठे अडकली याचं उत्तर मात्र आपल्यालाच द्यावं लागतं. या नोकरीतला ताण तिथून येतो, आणि खरं सांगायचं तर ओढही तिथूनच लागते.

सुरुवात कुठून करायची हे हातात असेल तर डॉक्युमेंटेशन मागून घ्या. सेल्स जास्त झगमगीत दिसतं, पण ज्याने एकदाही बिल ऑफ लेडिंग स्वतः बनवलेलं नाही तो गिऱ्हाइकाला भलतंच वचन देऊन बसतो आणि ते निस्तरता निस्तरता ऑपरेशन्सवाल्यांच्या नाकी नऊ येतात. बिल ऑफ लेडिंग, आमच्या बोलण्यात नुसतं बीएल, ही माल जहाजावर चढल्याची पावती असते, वाहतुकीच्या कराराचा पुरावा असतो आणि मालावरच्या हक्काचा दस्तऐवजही असतो. सहसा त्याच्या तीन मूळ प्रती निघतात आणि त्यातली एक हजर केल्याशिवाय पलीकडच्या बंदरात माल सुटत नाही. पैसे लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे बँकेने पैशांची हमी दिलेल्या पतपत्रावर, येणार असतील तर बँक कागद तपासते, माल नाही. त्यामुळे नावाचं स्पेलिंग, पेट्यांची संख्या, जहाज सुटल्याची तारीख, यांतलं काही पतपत्राशी जुळलं नाही तर पैसे अडतात. माल ठणठणीत असतो, वेळेवर पोचलेला असतो आणि तरीही विकणाऱ्याचे पैसे लटकलेले.

माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी एका गोठवलेल्या मालासाठी रीफर कंटेनर, म्हणजे शीतकरण असलेला डबा, बुक करायचा होता. मालाला हवं होतं उणे १८ अंश सेल्सिअस. मी मेलमध्ये लिहिलं, ‘तापमान - १८’. माझ्या डोक्यात ती आडवी रेघ उणे चिन्ह होती. वाचणाऱ्याने ती शीर्षकानंतरची रेघ समजून पुढे अधिक १८ भरलं. बुकिंगच्या पुष्टीपत्रात ते स्पष्ट छापलेलं होतं आणि मी ते न वाचताच पुढे पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी यार्डातल्या तंत्रज्ञाचा फोन आला. डबा देण्याआधी यंत्राची तपासणी करताना त्यांनी कागद पाहिला होता. म्हणाले, “ताई, माल फ्रोझन लिहिलाय आणि तापमान अधिक अठरा? एकदा विचारून घेतलेलं बरं.” माझ्या पायाखालची जमीन सरकली. डबा अजून रिकामा होता म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मी ‘उणे’ हा शब्द अक्षरांत लिहिते आणि समोरून आलेलं पुष्टीपत्र आपण पाठवलेल्या मेलशेजारी ठेवून, बोट फिरवत वाचते. तुम्हीही बोट फिरवा. लहान मुलासारखं वाटेल, वाटू दे.

आकड्यांच्या बाबतीत या धंद्याने काही कुंपणं घालून ठेवली आहेत, ती पहिल्याच आठवड्यात समजून घ्या. कंटेनरवर चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक आकडा असतो. तो शेवटचा आकडा आधीच्या दहा चिन्हांवरून काढलेला असतो, त्यामुळे मधला एखादा आकडा चुकला की बहुतेक वेळा हिशेब जुळत नाही. एअर वेबिलचं, म्हणजे विमानाने जाणाऱ्या मालाच्या वाहतूक-पावतीच्या क्रमांकाचं, तर आणखी सोपं आहे. पहिले तीन आकडे एअरलाइनचे, मग सात आकड्यांचा अनुक्रमांक, आणि त्याला ७ ने भागून जी बाकी उरते तो अकरावा आकडा. म्हणजे एअर वेबिलचा शेवटचा आकडा ७, ८ किंवा ९ कधीच नसतो. मला हे कळलं तेव्हा जुन्या फायली काढून मी उगाचच भागाकार करत बसले होते.

वजनाचं एक गणित नवीन माणसाला हमखास चकवतं. विमानात जागाही वजनासारखीच मोजली जाते. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा ६००० ने भागायचं. ६० × ५० × ४० चं खोकं असेल तर उत्तर २० किलो. आत १२ किलोच माल असला तरी भाडं २० किलोचं लागतं. समुद्रमार्गे सुटा माल जाताना १ घनमीटर म्हणजे १ टन असं मानून, दोन्हींतलं जे जास्त भरेल ते धरतात. दर सांगण्याआधी मापं मागा. ‘साधारण एवढंच असेल’ या उत्तरावर दर दिलात की बिलाच्या वेळी भांडण ठरलेलं.

कंटेनरचं भरलेलं वजन तपासून कळवणं १ जुलै २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नियमाने सक्तीचं आहे. व्हीजीएम म्हणतात ते हेच. ते वेळेत गेलं नाही तर डबा जहाजावर चढत नाही, कितीही ओळखी असोत. तशीच गत लाकडी पॅलेटची, म्हणजे माल रचायच्या फळ्यांच्या चौकटीची. सहसा लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटं देऊन, तसा शिक्का मारलेलं लाकूड लागतं. शिक्का नाही म्हणून मशिनरीची अख्खी खेप अडलेली मी पाहिली आहे. मशिनरीत काही खोट नव्हती.

दिवसाचं वेळापत्रक कटऑफ, म्हणजे जहाजासाठीच्या शेवटच्या मुदती, ठरवतात. कागदांचा कटऑफ एक, डबा फाटकातून आत येण्याचा दुसरा, व्हीजीएमचा तिसरा. यांतला एक हुकला की माल पुढच्या जहाजावर. माल पोचल्यावर उलटं घड्याळ सुरू होतं. काही दिवस मोफत, त्यानंतर डबा बंदरातच पडून राहिला तर डेमरेज, आणि बाहेर नेऊन रिकामा परत दिला नाही तर डिटेन्शन. हे दोन शब्द नव्यांच्या डोक्यात कायम एकमेकांत मिसळतात, म्हणून डबा फाटकाच्या आत की बाहेर, एवढंच स्वतःला विचारा.

आणि वाईट बातमी आधी सांगा. जहाज पोचण्याची तारीख हा अंदाज असतो, वायदा नसतो. २३ मार्च २०२१ ला ४०० मीटर लांबीचं ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यात आडवं रुतलं आणि सहा दिवस वाट बंद झाली. त्या दिवसांत आम्ही टेबलं वाटून घेतली होती. प्रत्येकाने आपल्या गिऱ्हाइकांची यादी काढायची, कुणाचा माल कुठल्या जहाजावर आहे ते शोधायचं आणि त्यांचा फोन येण्याआधी आपण फोन करायचा. सांगण्यासारखं फारसं नव्हतंच. ‘तुमचा माल रांगेत आहे, आज हललेला नाही, उद्या सकाळी पुन्हा फोन करते’, एवढंच. आणि दुसऱ्या सकाळी खरंच करायचा. त्या यादीतली बरीच गिऱ्हाइकं आजही माझ्याकडे आहेत.

वेळेचंही स्पष्टच सांगते. पलीकडचा एजंट उठतो तेव्हा तुमची संध्याकाळ असते. महिनाअखेर जड जाते. सुट्टीआधीचा दिवस सगळ्यात वाईट. मुलाखतीत शिफ्ट, ओव्हरटाइम आणि सुट्टीच्या दिवशी फोन कोण उचलतं, हे विचारायला लाजू नका. ज्या ऑफिसात एका माणसाच्या गळ्यात सत्तर-ऐंशी चालू फायली घातल्या जातात तिथे शिकायला उसंत मिळत नाही, चुकाच होतात. अशी एक जागा मी सोडली आणि बरंच केलं.

पहिल्या महिन्यात एक करा. बंद झालेली एखादी फाइल घ्या आणि पहिल्या चौकशीच्या मेलपासून शेवटच्या बिलापर्यंत क्रमाने वाचा. कुठे कोण थांबलं, कुणामुळे थांबलं, हे शोधा. बहुतेक ठिकाणी एखाद्या अपुऱ्या कागदापायी कुणी ट्रकचालक फाटकाबाहेर तासन्‌तास उभा राहिलेला सापडेल. मेलमध्ये त्याचा उल्लेख एका ओळीचा असतो, ‘वाहन प्रतीक्षेत’.

मग यार्ड बघायला जा. मी ज्या दिवशी पहिल्यांदा गेले, त्या दिवशी मला फोन करणारे ते तंत्रज्ञ भेटले. रीफरच्या ओळीतून ते मला चालवत घेऊन गेले. यंत्रांचा आवाज एवढा की शेजारच्याला ओरडून बोलावं लागत होतं. प्रत्येक डब्यापाशी ते थांबत, पडद्यावर टॉर्च मारत. तापमानाचा आकडा वाचण्याआधी त्यांची नजर त्याच्या डावीकडे जायची, तिथे ती छोटी आडवी रेघ आहे का ते बघायला.