दोन फुटी टँकमध्ये मासे कोणते आणि किती? आधी सोलापूरचं पाणी बघा

टँक, फिल्टर, वाळू, एअर पंप घरात आलेलं आहे असं धरतो. फिल्टर सुरू होऊन महिना झाला नसेल तर मासे आणायला निघू नका. फिल्टरच्या स्पंजमध्ये माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला तीन ते सहा आठवडे जातात. तोवर पाणी भरलेल्या, मासे नसलेल्या टँकमध्ये रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा, म्हणजे त्या जिवाणूंनाही काही मिळेल.

पाणी तपासा. नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे ड्रम भरून ठेवायची सवय आपल्याला आहेच. त्याच पाण्यात एक दिवस एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) सोडून ठेवला की क्लोरीन उडून जातं. बोअरचं पाणी असेल तर टेस्ट स्ट्रिप (पाण्यात बुडवली की रंग बदलणारी पट्टी) घेऊन पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा (सातच्या वर अल्कली), आणि क्षार बघा. आपल्याकडे खाली काळा खडक, त्यामुळे बोअरचं पाणी बहुधा जड, म्हणजे क्षारांचं, निघतं आणि पीएच आठच्या आसपास असतो. तो खाली आणायला बाटलीतली औषधं ओतू नका. दोन दिवसांत पीएच परत वर चढतो आणि त्या चढउतारानेच मासे मरतात. पाणी बदलण्यापेक्षा त्या पाण्यात जगणारा मासा आणणं सोपं आहे. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांना जड पाणी मानवतं. निऑन टेट्रा मऊ, किंचित आम्ल पाण्यातला मासा आहे. दुकानात कितीही चमकत असला तरी बोअरच्या पाण्यासाठी घेऊ नका.

लिटर मोजा. लांबी, रुंदी, उंची इंचात गुणा आणि ६१ ने भागा. २४ × १२ × १५ चा टँक कागदावर ७० लिटरचा होतो. पण खाली दोन इंच वाळू आणि वर दीड इंच मोकळी जागा सोडली की पाणी ५४ लिटर उरतं. दगड, खेळणी, काचेची जाडी वजा करून ५० धरा. दुकानदार ७० सांगेल, हिशेब ५० चाच करा.

आता खरा घोळ: संख्या. सुरुवातीला सगळे इथेच फसतात, मीही फसलो. 'एका गॅलनला (पावणेचार लिटरला) एक इंच मासा' हा नियम तुम्हाला कोणीतरी सांगेलच. तो विसरा. त्यात तीन चुका आहेत.

पहिली, दुकानात दिसणारी लांबी पिल्लाची असते. दीड इंची गोल्डफिश पोटाने गोल, शेपटीने देखणी दिसते. नीट वाढली तर सहा-आठ इंच होते. तळाला चिकटलेला दोन इंची सकर दीड फुटाच्या आसपास जातो. 'शार्क' म्हणून विकतात तो बहुतेक वेळा पंगस असतो. नदीत तो मीटरभर वाढतो आणि टँकमध्ये घाबरून काचेवर आदळत राहतो. ऑस्कर फूटभर होतो. म्हणून विकत घेताना एकच प्रश्न विचारा: पूर्ण वाढला की केवढा? 'टँकच्या मापानेच वाढतो' असं उत्तर आलं तर दुकान बदला. छोट्या टँकमध्ये मासा खुरटतो तो साचलेल्या घाणीमुळे, आणि लवकर मरतो.

दुसरी चूक, लांबी म्हणजे वजन नव्हे. लांबी दुप्पट झाली की अंग साधारण आठपट भरतं. दहा सेंटिमीटरचा एक मासा पाच सेंटिमीटरच्या दोन माशांएवढा नसतो, वजनाने आठांएवढा भरतो आणि दोघांपेक्षा कितीतरी जास्त घाण करतो. त्यामुळे सेंटिमीटरचा कुठलाही नियम सात-आठ सेंटिमीटरपर्यंतच्या सडपातळ माशांनाच लावायचा.

तिसरी चूक आपल्या गावाची आहे. तो नियम थंड हवेच्या देशातला. पाणी २० अंशांवर असताना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० वर साडेसातच. शिवाय पीएच सात ऐवजी आठ असला की त्याच अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणजे एप्रिल-मेमध्ये, बाहेर ४२-४३ अंश असताना, आपला टँक दोन्ही बाजूंनी मार खातो. हिवाळ्यात मजेत असलेले बारा मासे मे महिन्यात एका रात्रीत उलटे होतात, आणि दोष खाद्याला दिला जातो. संख्या ठरवताना मे महिना डोळ्यासमोर ठेवा.

माझा नियम: पूर्ण वाढीच्या एका सेंटिमीटरला दोन लिटर. ५० लिटरला २५ सेंटिमीटर. म्हणजे सात नर गप्पी, किंवा पाच प्लॅटी, किंवा सहा झेब्रा डॅनिओ. यातलं एकच. 'टँक रिकामा दिसतो' म्हणून पाहुणे टोमणा मारतील, मारू द्या. तीन फुटी, ३६ × १५ × १८ चा टँक असेल तर पाणी सव्वाशे लिटरच्या आसपास भरतं. मग आठ डॅनिओ आणि पाच प्लॅटी एकत्र सुखात राहतात. गोल्डफिश दोन फुटीत एकही नको. तिला थंड पाणी लागतं आणि ती घाणही भरपूर करते.

कोणाचं कोणाशी जमतं. तोंडात मावतो तो मासा खाल्ला जातो. एंजल मोठा झाला की बारीक मासे कमी होऊ लागतात. टायगर बार्ब शेपट्या कुरतडतो. त्याला गप्पी, एंजल, फायटर यांच्याजवळ ठेवू नका, आणि तीन-चार आणू नका. आठ तरी असले की ते आपापसात भांडत बसतात. म्हणजे तो दोन फुटीचा मासाच नाही. फायटर नर एकटाच बरा. निळा गोरामी वरून हवा घेतो म्हणून उन्हाळा चांगला काढतो, पण १२ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि दोन नर एकमेकांना सोडत नाहीत. त्याला तीन फुटीतच जागा द्या, एकच नर, आणि गप्पींबरोबर नको.

गप्पीत नुसते नर घ्या. 'एकच मादी घेतली, नर नाही' हा बचाव चालत नाही. दुकानातून येतानाच ती गाभण असते, नराचं बीज काही महिने साठवून ठेवते आणि साधारण महिन्या-महिन्याला वीस-तीस पिल्लं देते. जोड्याच हव्या असतील तर एका नरामागे दोन-तीन माद्या. नाहीतर नर एकीलाच पळवून पळवून मारतो.

शेवाळ खायला सकर घेऊ नका. शेवाळ स्पंजने पुसा, दिवा आठ तासांच्या वर लावू नका. वाढलेला सकर सिद्धेश्वर तलावात किंवा उजनीत सोडायचा विचार तर मुळीच नको. तो आपल्या पाण्यात टिकतो, आणि त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात.

आणताना. पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, थोडंथोडं टँकचं पाणी आत घाला, मासा जाळीने सोडा, पिशवीतलं पाणी फेकून द्या. एका वेळी तीनच मासे, पुढचे दोन आठवड्यांनी. तापट जात सगळ्यात शेवटी.

दर आठवड्याला पाव टँक पाणी बदला. उन्हाळ्यात उडून गेलेलं पाणी बोअरने भरत राहिलात तर क्षार साचत जातात, कारण वाफ होते ती फक्त पाण्याची. ती भर साठवलेल्या नळाच्या पाण्याने करा. झाकण काढून जाळी टाका आणि पाण्यावर टेबल फॅन लावा. आपली हवा कोरडी असल्यामुळे दोन-तीन अंश उतरतात. बर्फ टाकू नका. एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या. आणि मार्च ते जून नवा मासा आणू नका, दुकानात कितीही सुंदर दिसला तरी.