साकुरा बघायला सगळं घर घेऊन जाताना

जपानची तिकिटं काढताना साकुरा, म्हणजे चेरीची फुलं, नेमकी कधी उमलणार हे कुणालाच ठाऊक नसतं. टोकियोत सोमेई योशिनो ही फिकी जात साधारण मार्चच्या अखेरीस फुलते, आणि वारा-पाऊस आला की आठवडाभरात सगळा खेळ आटोपतो. आम्ही पोचलो 10 एप्रिलला. मेगुरो नदीकाठी लेक म्हणाली, "आई, ही तर नुसती पानं!"

म्हणून एकाच जातीवर भिस्त ठेवू नका. शिंजुकु ग्योएन बागेत पुष्कळ जाती आहेत. त्यातली झेंडूसारखी भरगच्च याएझाकुरा उशिरा फुलते. आमची सहल तिनेच वाचवली. मोठ्यांना 500 येन, आठ वर्षांच्या लेकीला फुकट. आत दारू आणि चेंडू-रॅकेट न्यायला बंदी आहे, त्यामुळे आजी-नातवंडांना निवांत बसता येतं. गर्दीच्या सुट्टीच्या दिवशी आधी नोंदणी लागते का, ते निघण्यापूर्वी बघा.

सासूबाईंना जमिनीवर बसवत नाही. बाक हवा असेल तर नऊला दार उघडतानाच हजर राहा. बाकीच्यांसाठी शंभर येनच्या दुकानातली प्लास्टिकची चटई पुरते. चपला तिच्याबाहेर काढायच्या. आणि स्वेटर न्याच! या दिवसांतल्या गारठ्याला तिथे 'हानाबिए' असा खास शब्द आहे. मी तो दात वाजत असताना शिकले.

डबा कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून घ्या. उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, सासूबाईंना लोणचं-भातासारखी लागली, लेकीने मात्र तोंड वाकडं केलं. तिला तिरंगी दांगो, म्हणजे काडीला लावलेले तांदळाच्या पिठाचे गोड गोळे, पुरले. कडक शाकाहारी असाल तर वेष्टनावरचा मजकूर फोनवर भाषांतर करून वाचा, माशाचा अर्क कशातही सापडतो. रिकामी पिशवी जवळ असू द्या, कचराकुंड्या शोधूनही मिळत नाहीत.

फोटोसाठी फांदी ओढू नका, मुलांनाही ओढू देऊ नका. झाडाखाली पडलेल्या पाकळ्या ओंजळीत घ्यायला कुणाची ना नाही. लेकीने पाऊण तास तेवढंच केलं. त्या दिवशी यादीतली पुढची दोन ठिकाणं मी खोडून टाकली.

बाग संध्याकाळी लवकर बंद होते. दिव्यांतला बहर बघायचा असेल तर मार्च-अखेरीस उएनो पार्कला जा. पण तिथे रेटारेटी असते, लेकराचा हात सोडू नका.