रिकामी बोट गाळू नका: मासळी नोंदणीच्या टीमवर नव्याने येणाऱ्यांसाठी

फिशरीजची पदवी झाली आहे, मासे ओळखता येतात, एक्सेलही जमतं आणि आता धक्क्यावर नोंदी घेणाऱ्या पोरांची टीम हाताखाली आली आहे, अशांसाठी हे लिहिते आहे. आलेल्यांपैकी कुठल्या बोटी मोजायच्या, म्हणजे नमुना निवडायची रीत, तुम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेली असणार. सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) घालून दिलेलीच पद्धत: दुपारी १२ ते ६, दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते १२, मधल्या रात्रीची चौकशी, १५ पर्यंत बोटी आल्या तर सगळ्या मोजायच्या, ५० किंवा त्याहून जास्त आल्या तर पाचांत एक. त्यात मी शिरत नाही.

मला पुरतं हैराण केलं ते रिकाम्या बोटींनी. नमुन्यात पाचवी बोट येते. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या, हात हलवून सांगतो, "आज काय नाय." मग पोरगा सहावी बोट घेतो. त्यात लबाडी नसते. त्याला मनापासून वाटतं, जिच्यात मासळीच नाही ती बोट मोजायची काय? शीट भरलेली दिसते, ऑफिसात कोणाला शंका येत नाही आणि महिन्याचा आकडा फुगतो.

किती फुगतो ते हिशोबाने पाहा. दिवसाला ६० बोटी आल्या, पाचांत एक म्हणजे १२ बोटींचा नमुना. त्यातल्या ३ रिकाम्या, उरलेल्या ९ बोटींना सरासरी १०० किलो. खरा हिशोब असा: ९०० किलो भागिले १२, म्हणजे बोटीमागे ७५, आणि एकूण ४,५०० किलो. रिकाम्या तीन बोटी बदलून भरलेल्या घेतल्या की सरासरी होते १०० आणि एकूण ६,०००. समुद्रातून न आलेली दीड टन मासळी कागदावर आली. आणि हे सगळ्यात जास्त कधी होतं? मासळी कमी झालेली असते तेव्हाच. म्हणजे ज्या वर्षी धोका ओळखायला हवा, नेमकं त्याच वर्षी आपला आकडा म्हणतो, सगळं ठीक आहे. डिझेल जाळून, बर्फ भरून, रात्रभर जाळं टाकून हात हलवत आलेला नाखवा आपल्या नोंदीत कुठेच उरत नाही. याचा मला अजूनही राग येतो.

म्हणून तीन गोष्टी वेगळ्या लिहायला लावा. बोट गेली, जाळं टाकलं, काही मिळालं नाही: शून्य. बोट गेलीच नाही: ती नमुन्यात येतच नाही. बोट आली पण आपल्या माणसाला पाहता आली नाही: "पाहिली नाही" असं शब्दांत. रिकामा चौकोन कुठेच चालणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. बोटींची यादी येतील त्या क्रमाने आधी उतरवायची, नमुना त्या यादीतून काढायचा. मालाच्या पाट्या (टोपल्या) बघून नंतर नाही.

बंदराप्रमाणे ही फट बदलते. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला रिकामी बोट निदान जेटीला लागलेली दिसते. दापोलीजवळच्या हर्णैला बोटी आत पाण्यात नांगरतात आणि माल होडीतून, बैलगाडीतून किनाऱ्यावर येतो. रिकाम्या बोटीसाठी गाडी कोण पाठवणार? लिलावाच्या जागी उभ्या असलेल्या माणसाला ती बोट दिसतच नाही. तिथे आलेल्या बोटी मोजायला एक जण पाण्याकडे तोंड करून उभा हवा. सातपाटी-वर्सोव्याकडे डोलीचं, म्हणजे ओढीत बांधून ठेवायच्या पिशवीसारख्या जाळ्याचं, काम उधाण-भांगावर चालतं; उधाणाला पाण्याला ओढ जास्त, भांगाला कमी. भांगाच्या दिवसांत नमुन्याची तारीख पडली की पोरं म्हणतात, मॅडम, उधाणाला जाऊ, तेव्हा माल असतो. हो म्हणू नका. चिठ्ठीने निघालेली तारीख बदलणं म्हणजे रिकामी बोट बदलणंच.

ओळखायचं कसं? ज्याच्या शीटमध्ये मे अखेरीसही एकही शून्य नाही, त्याच्या शेजारी जाऊन एक सकाळ बसा. रागावू नका. बहुतेक वेळा दोष वरच्यांचा असतो, कारण भरलेल्या शीटचं आपणच कौतुक केलेलं असतं.

जीपीएसवाल्या फोटोंवर माझा भरवसा नाही, हे स्पष्ट सांगते. फोटोवरून माणूस धक्क्यावर होता एवढंच कळतं, त्याने पाटी वजनाला लावली का ते कळत नाही. पाटी किती किलोची हे दर महिन्याला निदान काही पाट्या काट्यावर ठेवून बघा. एकाच बंदरात बांगड्याची पाटी आणि कोळंबीची पाटी सारखी भरत नाही. फिशमीलला (मासळीची भुकटी करायला) जाणारा माल लिलावाला येत नाही, थेट टेम्पोत चढतो. तोही विचारा. मोठ्या साहेबांपेक्षा मला एका लिलाव करणाऱ्या मावशींनी जास्त शिकवलं. कुठली बोट किती दिवसांनी परतली हे त्यांना तोंडपाठ असतं. अशी एक व्यक्ती प्रत्येक बंदरात शोधा आणि तिच्याशी नम्रतेने वागा.

सुरुवातीला कोणी नीट बोलणार नाही, त्याने खचू नका. २०१६ च्या पर्ससीनवरच्या (थवा वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यावरच्या) निर्बंधांनंतर आणि २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची पकडायची किमान लांबी ठरल्यानंतर पट्टी घेऊन आलेला माणूस पाहिला की तांडेलाला कारवाईचीच भीती वाटते. आपण लायसन तपासायला आलो नाही हे तोंडाने सांगा आणि परवाना अधिकाऱ्याच्या गाडीतून कधीही उतरू नका. वेळ लागतो, पण लोक ओळखू लागतात.

१ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते तेव्हा टीमला मोकळं सोडू नका. मागच्या सीझनच्या शीट पोरांसमोर ठेवा, कोणाच्या नोंदीत किती शून्यं आहेत ते त्यांनाच मोजू द्या. आणि रात्रीच्या पेट्रोलचे पैसे वेळेवर मिळतील हे बघा. ते अडकले की पहिली काट रात्रीच्या चौकशीलाच लागते.