मामा तलावातल्या झिंग्यापासून युरिथीनिसपर्यंत: खोल समुद्रातला अँफिपॉड कसा ओळखावा

भंडारा-गोंदियाकडच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला युरिथीनिस हा खोल समुद्रातला अँफिपॉड, म्हणजे झिंग्याच्या दूरच्या नात्यातला सांधेदार पायांचा प्राणी, बहुधा छायाचित्रातच भेटतो. तरीही त्याची ओळख पटवण्याची शिस्त गावातच अंगवळणी पडू शकते, म्हणून सुरुवात मामा (माजी मालगुजारी) तलावातल्या झिंग्यापासून करावी.

झिंगा पांढऱ्या ताटलीत थोड्या पाण्यात ठेवून भिंगाखाली पाहावा. त्याचे डोके आणि छाती एकाच कवचाखाली झाकलेली असते व डोळे देठावर असतात. अँफिपॉडला असे कवच नसते, त्याचे डोळे बिनदेठाचे असतात आणि छातीचे सात खंड वेगवेगळे मोजता येतात. मात्र एवढ्यावर निकाल देऊ नये, कारण ओल्या लाकडाखाली सापडणाऱ्या चौदा पायांच्या, राखाडी आयसोपॉडलाही ही तिन्ही लक्षणे लागू पडतात. फरक असा की आयसोपॉड वरून दाबल्यासारखा चपटा असतो, तर बहुतेक अँफिपॉड दोन्ही बाजूंनी दाबलेले असतात. शिवाय आयसोपॉडचे पाय साधारण एकसारखे असतात, तर अँफिपॉडच्या सात जोड्यांपैकी पहिल्या चार पुढे आणि शेवटच्या तीन मागे वळतात. पोटाखाली पोहण्याच्या पायांच्या तीन जोड्या, त्यामागे युरोपॉडच्या (शेपटीकडच्या उपांगांच्या) तीन जोड्या आणि टोकाला टेल्सन (शरीराचा शेवटचा छोटा तुकडा), हेही मोजून घ्यावे.

युरिथीनिस हा अँफिपोडा गणातील लायसिअनासॉयडिया या अधिकुलातला आहे. या अधिकुलाची सर्वांत उपयोगी खूण पायांच्या दुसऱ्या जोडीत आहे: तो पाय बारीक असून त्याचा तिसरा सांधा लांबट असतो. पहिल्या स्पर्शिकेचा बुंधाही आखूड व जाड असतो. घाईत नजर आधी पहिल्या जोडीच्या पकडीकडे जाते, पण लांबट सांधा दुसऱ्या जोडीतच शोधावा.

प्रजातीपर्यंत जाताना खरी काळजी लागते. या वंशातील सर्वांत जुनी प्रजाती, युरिथीनिस ग्रिलस, १८२२ मध्ये वर्णिली गेली, तर वंशाचे नाव १८८२ चे आहे. जगभर एकच मानलेली ही प्रजाती प्रत्यक्षात अनेक प्रजातींचा समूह असल्याचे डीएनए-अभ्यासातून दिसून आले. त्यामुळे रंगावर विसंबू नये. जिवंतपणीचा लाल रंग अल्कोहोलमध्ये उतरतो. आकारही वयानुसार बदलतो. पाठीची मधली रेघ कण्यासारखी उंचावली आहे की नाही, पहिल्या दोन जोड्यांच्या पकडीची कड कशी आहे, पायांच्या बुंध्याजवळील कठीण, चपट्या पट्ट्यांचा आकार कसा आहे आणि टेल्सन किती खोल दुभंगले आहे, हे कागदावर रेखाटूनच तुलना करावी.

प्रशांत महासागरातील मारियाना गर्तेत सुमारे ६,००० ते ७,००० मीटर खोलीवर सापडलेल्या आणि २०२० मध्ये वर्णिलेल्या युरिथीनिस प्लास्टिकसचे नाव, त्याच्या आतड्यात प्लास्टिकचा तंतू मिळाल्यामुळे ठेवले गेले. मात्र नाव कितीही लक्षात राहणारे असले तरी ते ओळखीचे लक्षण नव्हे. त्या प्रजातीची ओळखही वर सांगितलेल्या अवयवांवरूनच पटवावी लागते.